उरल्यासुरल्या कर्जाचे गणित

‘व्याज’ हा शब्द दरसाल एकदा तरी मला वर्गातल्या फळ्यावर लिहावा लागतो. अलंकार शिकविताना व्याजस्तुती आणि व्याजोक्ती यांची गाठ पडते, आणि तेथे व्याज म्हणजे बहाणा, मिष, प्रसंगी कपटसुद्धा! वरवर निंदा आणि आतून स्तुती, ती व्याजस्तुती. हे सांगून संपते न संपते तोच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतोच, “सर, मग बँकेचे व्याज ते हेच का?” वर्ग हसतो, आणि मीही हसतो. शब्दांच्या या कुळात सगळीच मंडळी अशी गमतीची आहेत. ‘कर्ज’ अरबीतून आले. ‘हप्ता’ फारसी, त्याचा मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. आपण तो महिन्याच्या पाच तारखेला भरतो आणि तरी त्याला हप्ताच म्हणतो.

या जुन्या मंडळींच्या जोडीला हल्ली दोन नवे पाहुणे आमच्या घरांत येऊन बसले आहेत. एकाचे नाव ‘फिक्स्ड’ आणि दुसऱ्याचे ‘फ्लोटिंग’. मराठीचा अध्यापक म्हणून मी त्यांना स्थिर दर आणि तरता दर म्हणावयास हवे. परंतु मनवेलपाड्यात असे बोललो तर लोक मला स्टेशनावर पोचवून येतील. विरारच्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या बाजूला वसलेली ही आमची वस्ती. नावात पाडा असला तरी आता सगळीकडे इमारती आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या शेअर रिक्षा. परळ-गिरगावच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी येथे एक खोली-स्वयंपाकघराची घरे घेतली आणि ती बहुतेकांनी कर्ज काढून घेतली. त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर झाले की संध्याकाळी आमच्या जिन्यात त्याची चर्चा पाण्याच्या टँकरच्या चर्चेइतकीच पोटतिडकीने होते.

नवे कर्ज काढणाऱ्याला सल्लागारांची वाण नसते. वर्तमानपत्रे आहेत, बिल्डरचा माणूस आहे, बँकेचा एजंट तर पाठच सोडीत नाही. परंतु ज्याचे कर्ज फिटत आले आहे, हत्ती गेला आणि शेपूट तेवढे राहिले अशी ज्याची अवस्था, त्याच्याशी बोलावयास कोणाला सवड नाही. त्याच्याकडून कोणाला काही मिळावयाचे नसते ना! आणि नेमका अशाच माणसाला एके दिवशी बँकेचा कागद येतो, की तुमचा व्याजदर सध्या फ्लोटिंग आहे. तो फिक्स्ड करून हवा असल्यास सोबतच्या नमुन्यावर सही करून पाठवावी.

२०२६ च्या जानेवारीत असा एक कागद घेऊन खालच्या मजल्यावरचे नवराबायको माझ्याकडे आले. पत्र इंग्रजीत होते, आणि इंग्रजी पत्र समजून घ्यावयाचे तर मराठीच्या प्राध्यापकाकडे जावे, अशी आमच्या इमारतीत रीतच पडली आहे. भाऊंचे वय सत्तावन्न. अंधेरीच्या एका खासगी कंपनीत ते स्टोअर्स सांभाळतात. २०२७ च्या मार्चअखेर निवृत्त व्हावयाचे. पेन्शन नाही म्हणण्याइतकीच. वहिनी घरून पोळीभाजीचे डबे देतात. मुलाच्या शिक्षणाचे दीड वर्ष बाकी.

“सर, फिक्स्ड करून टाकतो,” भाऊ म्हणाले. “दर वाढायला लागले की कुठवर जातील याचा नेम नाही. पगार बंद झाल्यावर हप्ता वाढला तर मी काय करू?”

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मला दराचं काही कळत नाही सर. माझ्या घराचे कागद मला कधी मिळणार, तेवढं या पत्रात कुठं लिहिलंय का ते बघा.”

पत्रात ते कोठेच लिहिलेले नव्हते. हा लेख लिहावासा वाटला तो वहिनींच्या त्या प्रश्नामुळे.

प्रथम भाऊंची बाजू पाहू, कारण ती भीती पोकळ नाही. २०२० च्या मार्चमध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीचे पैसे ज्या दराने देते तो दर, ५.१५ टक्के होता. टाळेबंदी आली आणि मेअखेरीपर्यंत तो ४ टक्क्यांवर उतरला. घरकर्जे इतकी स्वस्त झाली, की ज्यांची ऐपत नव्हती त्यांनीही घरे घेतली. पुढे महागाई भडकली. २०२२ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने दर वाढविण्यास आरंभ केला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो साडेसहा टक्क्यांवर जाऊन पोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के! तेथे तो दोन वर्षे ठाण मांडून बसला. २०२५ साली मात्र फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर असा चार पायऱ्यांनी उतरत तो सव्वापाच टक्क्यांवर आला.

बँका हा चढउतार आपल्यापर्यंत पोचवतात तरी कशा, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी फ्लोटिंग दर म्हणजे बँक ज्याला आपला मूळ दर म्हणेल तो. २०१० च्या जुलैपासून ‘बेस रेट’ आला, २०१६ च्या एप्रिलपासून ‘एमसीएलआर’ आला. दोन्हींचा हिशेब बँक आपल्याच घरात बसून करी, त्यामुळे चढताना दर तरतरीत असे आणि उतरताना त्याचे गुडघे दुखत. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने फर्मावले, की बँकांनी किरकोळ ग्राहकांची नवी फ्लोटिंग कर्जे बाहेरच्या एखाद्या मापाला जोडावीत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर फेरावा. बहुतेक बँकांनी ते माप म्हणून रेपो दरच घेतला. हा नियम बँकांना आहे; घरकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना तो लागू केलेला नव्हता. आणि जुने कर्जदार आपण होऊन अर्ज करीत नाहीत तोवर जुन्याच मापावर राहतात. आपल्या ओळखीत कोणाचे २०१० नंतरचे कर्ज अजून बेस रेटवर असेल तर त्याला आजच बँकेत धाडा. फिक्स्ड-फ्लोटिंगचा वाद त्याने उद्या घातला तरी चालेल.

भाऊंनी २०२० सालीच आपले कर्ज रेपोला जोडून घेतले होते. रेपो सव्वापाच आणि त्यावर बँकेचा सव्वातीन, असा त्यांचा दर साडेआठ टक्के. बाकी मुद्दल सुमारे तीन लाख. हिशेबाच्या सोयीसाठी बरोबर तीन लाख धरू. हप्ते उरले छत्तीस आणि हप्ता ९,४७० रुपयांचा. बँक जो फिक्स्ड दर देऊ करीत होती तो होता १० टक्के. शिवाय बदलण्याचे शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी, ते वेगळे.

आम्ही मुलाच्या वहीतील एक पान फाडले आणि बसलो. दहा टक्क्यांनी हप्ता होतो ९,६८०. महिन्याला २१० रुपये जास्त, छत्तीस महिन्यांत साडेसात हजार. म्हणजे निर्धास्त झोपेचा भाव साडेसात हजार रुपये, आणि तो वाहत्या गंगेत सोडलेला. दर वाढोत न वाढोत, तो परत मिळावयाचा नाही.

“आणि वाढले तर?” भाऊ म्हणाले.

वाढले तर काय होईल तेही काढले. २०२३ मध्ये दर शिगेला पोचले तेव्हा रेपो होता साडेसहा. तो उद्या सकाळी पुन्हा तेथे गेला असे धरले, तर भाऊंचा दर होतो पावणेदहा. बँकेच्या फिक्स्ड दरापेक्षा तो तरीही पाव टक्क्याने कमीच! भाऊंनी चष्मा पुसून ते आकडे पुन्हा वाचले. मग त्यांच्या समाधानासाठी आणखी वाईट कल्पना केली. दर एका रात्रीत अडीच टक्क्यांनी चढला, अकरा टक्के झाला. त्यासाठी रेपो पावणेआठवर जावा लागेल, जो २०१५ च्या आरंभानंतर तेथे गेलेला नाही. अशा वेळी हप्ता होईल ९,८२२. फिक्स्डपेक्षा महिन्याला सुमारे १४० रुपये अधिक. तीन वर्षांत पाच हजारांच्या आसपास. म्हणजे पैज अशी, की सगळ्यांत वाईट गोष्ट पहिल्याच दिवशी घडली तर पाच हजार वाचणार, आणि काहीच घडले नाही तर साडेसात हजार व वर शुल्क जाणार. अशी पैज आमच्या भागातला पत्त्यांचा क्लबसुद्धा घेणार नाही.

आणखी एक गंमत त्या पानावर उतरली. हप्ता न वाढविता तोच ९,४७० ठेवला आणि दर अकरा टक्के झाला, तर मुदत किती लांबेल? छत्तीसऐवजी सदतीस पूर्ण आणि अडतिसावा अर्धामुर्धा. दीड हप्ता! ज्या वादळाच्या भीतीने माणूस झोपत नव्हता ते वादळ त्याच्या अंगणात आले तेव्हा एवढेच उरले.

याचे कारण साधे आहे. व्याज मुद्दलावर लागते आणि मुद्दल आता राहिलेले नाही. कर्जाच्या आरंभीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, शेवटच्या वर्षांत मुद्दलात. भाऊंच्या ९,४७० पैकी व्याज होते २,१२५. बाकी सर्व मुद्दल. दर कितीही नाचला तरी तो या दोन हजारांच्या ओट्यावरच नाचणार.

ज्यांचे कर्ज मोठे आणि कोवळे आहे त्यांची गोष्ट मात्र अगदी निराळी, आणि वाचकांपैकी अशा तरुण जोडप्यांनी भाऊंचे गणित आपल्याला लावून घेऊ नये. २०२१ साली कोणी पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पंचवीस लाख घेतले असते, तर हप्ता बसला असता १९,००९. दीड वर्षाने बाकी राहते चोवीस लाखांच्या थोडी वर. आता दर एकदम सव्वानऊ झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला असे धरा. त्या महिन्याचे नुसते व्याजच होते साडेअठरा हजार. मुद्दलात पडतात साडेचारशे रुपये! या चालीने ते कर्ज फिटावयास चाळीस वर्षे लागतील. प्रत्यक्षात दर पायरीपायरीने वाढले आणि कर्जदाराच्या वयाची मर्यादा आडवी आल्यावर बँकांनी हप्तेही वाढविले. परंतु मुदत मुकाट्याने लांबत जाण्याचा अनुभव देशभर लाखो घरांनी घेतला. हप्ता तोच राहिला म्हणून घरातील मंडळी खुशीत, आणि शेवटची तारीख तिकडे मुलाच्या लग्नापलीकडे निघून गेलेली.

यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी नियम केले. दर फिरला की त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम झाला ते बँकेने कर्जदाराला कळविले पाहिजे; हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडेथोडे, हे ठरविण्याची संधी त्याला दिली पाहिजे; दर तीन महिन्यांनी सोप्या शब्दांत हिशेब दिला पाहिजे. फ्लोटिंगमधून फिक्स्डकडे जाण्याचा पर्यायही तेव्हा सक्तीचा केला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यावा की न द्यावा हे बँकेच्या मर्जीवर सोडले आहे. भाऊंच्या बँकेने तो दिला, एवढेच.

हे नियम वाचून दाखविताना मी सहज त्यांच्या खात्याचा उतारा पाहिला. कर्ज २०१२ च्या ऑगस्टातले, पंधरा वर्षांचे. म्हणजे २०२७ च्या ऑगस्टात ते फिटावयास हवे होते. उताऱ्यावर शेवटच्या हप्त्याची तारीख होती जानेवारी २०२९ ची.

“हे सतरा महिने कुठून आले?” वहिनींनी विचारले.

ते कोठून आले याचा शोध घेण्यात आमचा बाकीचा अर्धा तास गेला. २०२० मध्ये मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते स्थगित ठेवण्याची सवलत होती. भाऊंची कंपनी तेव्हा निम्मा पगार देत होती, त्यांनी ती घेतली; घेणे भागच होते. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते, ते मुद्दलाला चिकटत गेले. अशा सहा हप्त्यांनी त्यांची मुदत जवळजवळ अकरा महिने लांबली. बाकीचे महिने २०२२-२३ च्या दरवाढीने घातले. हप्ता एका रुपयाने वाढला नाही, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात काही आले नाही. बँकेचे निरोप फोनवर येत होते, इंग्रजीत.

येथे मला फिक्स्ड आणि फ्लोटिंग हा सारा वादच दुय्यम वाटू लागला. निवृत्ती मार्च २०२७ ची आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२९ चा. भाऊंच्या भीतीचे खरे घर या दोन तारखांच्या मधल्या बावीस महिन्यांत होते. दर फिक्स्ड केल्याने त्यांतला एकही महिना कमी होणार नव्हता.

आता ‘फिक्स्ड’ या शब्दाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. तो वाटतो तेवढा स्थिर नसतो. आपल्याकडे कित्येक कर्जे दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरतीच फिक्स्ड असतात आणि पुढे आपोआप फ्लोटिंग होतात. काही करारांत असे कलम असते, की बाजारात असाधारण परिस्थिती उद्भवल्यास दर बदलण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याला राहील. परिस्थिती असाधारण आहे हे ठरविणार कोण, तर तोच. एडिसनला स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांचे ऐकून पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. अमेरिकेत तीस वर्षांचा दर खरोखरच तीस वर्षे हलत नाही. २०२१ च्या जानेवारीत तेथे अशा कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पावणेआठच्या वर गेला. ज्यांनी आधी घेतले ते आता घर विकावयास तयार नाहीत, कारण घराबरोबर तो दरही जाईल! त्या फिक्स्डमागे सरकारी पाठबळाची मोठी यंत्रणा १९३० च्या दशकापासून उभी आहे. आपल्याकडची बँक तीन महिन्यांच्या नि तीन वर्षांच्या ठेवींवर चालते. तिने वीस वर्षांचा दर बांधून द्यावयाचा तर त्या धोक्याची किंमत ती आपल्याकडूनच आधी वसूल करणार, आणि त्यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही.

शिवाय फ्लोटिंगच्या बाजूला एक फार मोठी गोष्ट आहे, आणि शेपटाएवढ्या कर्जात तीच सर्वांत महत्त्वाची. स्वतःच्या घरासाठी घेतलेले फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडले, थोडे फेडले किंवा सगळे फेडले, तर बँकेला दंड घेता येत नाही. बँकांना ही मनाई २०१२ च्या जूनपासून आहे. फिक्स्ड कर्जावर असे शुल्क लावण्यास बँकेला वाव असतो. करारातले बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही सांगता येत नाही. म्हणजे ज्याला कर्ज लवकर मिटवावयाचे आहे त्याने फिक्स्ड करणे म्हणजे घराबाहेर पडावयाचे ठरवून आतून कुलूप लावणे.

वहिनींची पन्नास हजारांची भिशी फेब्रुवारीत लागणार होती. ती सरळ कर्जात भरली तर? पुन्हा पान काढले. हप्ता तोच ठेवला, तर छत्तीस हप्त्यांचे एकोणतीस होतात आणि तिसावा लहानसा उरतो. व्याज वाचते सुमारे तेरा हजार. दर अकरा टक्क्यांवर गेल्याने जे नुकसान झाले असते त्याहून हे अधिक! दिल्लीत किंवा मुंबईच्या मिंट रोडवर काय ठरते त्यापेक्षा आमच्या इमारतीतल्या बारा बायकांच्या भिशीत जास्त बळ निघाले. एवढे मात्र बँकेला लेखी सांगावे लागते, की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. न सांगितल्यास बँक आपल्या सोयीचे करील.

या हिशेबाने निवृत्तीच्या दिवशी बाकी राहते १,३७,०००. ग्रॅच्युइटी येईल त्यातून तेवढी रक्कम टाकली की घर मोकळे. मला हे इतके स्वच्छ दिसत होते की मी वही मिटलीदेखील. परंतु आता भाऊ अडले.

“ग्रॅच्युइटी बँकेला द्यायची नाही सर. ती म्हातारपणाची. उद्या मला काही झालं, तर हॉस्पिटलवाले घराचे कागद घेणार आहेत का? रोख मागणार.”

“आणि उद्या तुम्हाला काही झालं,” वहिनी म्हणाल्या, “तर बँकेच्या दारात कागद मागायला मी एकटी उभी राहू का?”

या दोघांत कोणाचे खरे? मी तोलून पाहिले आणि मला दोघांचेही खरे वाटले. बँकेच्या ठेवीवर सात टक्के मिळतात आणि कर्जावर साडेआठ जातात असे धरले, तर सव्वा-दीड लाखावर वर्षाचा फरक दोन हजार रुपयांचा. ठेवीच्या व्याजावर कर बसत असेल तर थोडा अधिक. वेळेला हाताशी रोकड असावी म्हणून कोणी दोन हजार मोजले तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. कर्जावरच्या प्राप्तिकराच्या सवलतीचा हवाला काही लोक देतात. परंतु नव्या करपद्धतीत, राहत्या घराच्या व्याजावर ती सवलतच नाही, आणि एवढ्या थोड्या व्याजावर ती असून नसून सारखी. माझे मत विचाराल तर घरात सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम आधी बाजूला काढावी, आरोग्यविम्याचा हप्ता भरावा, आणि मग जे उरेल ते कर्जात टाकावे. त्याच्या उलट क्रमाने ज्यांनी केले अशी काही घरे मी पाहिली आहेत. कर्ज साडेआठ टक्क्यांचे फेडले आणि दोन महिन्यांनी आजारपणासाठी पंधरा टक्क्यांनी पर्सनल लोन काढले.

आपल्या लोकांच्या मनात कर्जाचे जे भय आहे ते काही आजचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम पाळीत असत. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, असा तो नियम. तो होता तरी सावकारी पाश सुटला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांना पाहिजे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. गावोगाव असे कागद जाळले गेले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कर्ज म्हणजे कागद, आणि कागद दुसऱ्याच्या हाती म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हाती, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आमच्या भागात तर या भावनेला आणखी एक धार आहे. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. तेथून आमचा पाडा काही फार लांब नाही. त्या दिवसांत विरार-नालासोपाऱ्यातल्या घराघरांत लोक कपाटे उघडून आपापले करारनामे, इंडेक्स टू आणि इमारतीचे दाखले तपासत होते. ज्यांचे घर गहाण होते त्यांच्याकडे तपासावयास नुसत्या झेरॉक्स प्रती होत्या. वहिनींना कागद हवे होते ते या दिवसांपासून.

त्या दृष्टीने एक चांगली तरतूद झालेली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे, की कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत बँकेने घराचे मूळ कागद परत केले पाहिजेत आणि आपला बोजाही उतरविला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद गहाळ झाले तर प्रमाणित प्रती मिळवून देण्यास बँकेने साहाय्य करावयाचे व त्याचा खर्चही सोसावयाचा. कर्जदार किंवा सहकर्जदार मृत्यू पावल्यास वारसांना कागद कसे द्यावयाचे याची पद्धत बँकेने आधीच ठरवून जाहीर केलेली असली पाहिजे. हे शेवटचे मी वाचून दाखविले तेव्हा भाऊ खिडकीबाहेर पाहू लागले आणि वहिनी म्हणाल्या, “परत वाचा.”

शेवटी ठरले ते असे. फिक्स्डच्या नमुन्यावर सही करावयाची नाही. भिशी कर्जात, मुदत कमी करण्याच्या लेखी सूचनेसह. दीड लाखाची ठेव आहे ती मोडावयाची नाही. ग्रॅच्युइटीचे २०२७ च्या मार्चात पाहू. त्यावरचा वाद दोघांनी माझ्या घरी न संपविता आपल्या घरी नेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजून चालू आहे. दर वाढले तर सगळे पुन्हा एकदा मांडून पाहावयाचे. दर तीन महिन्यांनी बँकेचा हिशेब आला की तो वहिनींनी घेऊन वर यावयाचे.

मार्चमध्ये भिशीचे पैसे भरून झाल्यावर बँकेकडून त्यांनी, मी सांगितले नसताना, आणखी एक गोष्ट मागून आणली. बँकेकडे आपले कोणकोणते मूळ कागद जमा आहेत याची सही-शिक्क्याची यादी. सात कागद होते. बिल्डरचा नोंदणीकृत करारनामा, त्याची पावती, इंडेक्स टू, ताबापत्र, मुद्रांकाचा कागद, सोसायटीचा भागदाखला आणि पैसे भरल्याच्या पावत्यांचा जुडगा. करारनाम्यावर पत्ता ‘तालुका वसई, जिल्हा ठाणे’ असा आहे. २०१२ साली पालघर जिल्हा व्हावयाचा होता. तो झाला २०१४ च्या ऑगस्टात. हे नाव बदलून घ्यावे लागेल का, असे वहिनींनी मला विचारले. लागणार नाही, असे सांगितले. तरी त्यांनी ते यादीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, कागद हातात आले की कोणाला तरी विचारावयाचे म्हणून.